बॅटरी का उतरते?
मोटरसायकलच्या डायनॅमोचा इतिहास आणि त्यातला बिघाड

आमच्या एका सहकाऱ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बीएसए एम-२० ही मोटरसायकल आहे. युद्धकाळात या जातीच्या सव्वा लाखाहून अधिक मोटरसायकली तयार झाल्या. सहकाऱ्याच्या वडिलांनी ती बरीच वर्षे वापरली आणि पुढे पंधरा वर्षे ती पडवीत पोत्यांखाली उभी होती. तिची दुरुस्ती झाली, इंजिन दोन-तीन किकांत सुरू होऊ लागले, पण बॅटरी मात्र काही केल्या टिकेना. वर्षभरात तीन बॅटऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी दुकानदाराने सांगितले की बॅटरी खराब आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने नवी विकली. एका रात्री घाटात हेडलाइट पिवळा पडत पडत विझला. इंजिन मात्र व्यवस्थित चालू होते. वळणावरून आलेल्या ट्रकच्या चालकाला ही काळी गाडी दिसण्याचे काहीच कारण नव्हते. अंतर थोडक्यात राहिले, एवढेच. दुसऱ्या दिवशी सहकारी ती गाडी आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ढकलत घेऊन आला.

दिवा विझला तरी इंजिन कसे चालू राहिले, हा प्रश्न विद्यार्थी लगेच विचारतील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या मोटरसायकलींवर बॅटरी चार्ज करणारी यंत्रणाच नव्हती. सिलिंडरमधील ठिणगीसाठी मॅग्नेटो असे. हे कायम चुंबकावर चालणारे छोटे, स्वयंपूर्ण जनित्र. बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि इंजिनाला बॅटरीची गरज उरली नाही. दिव्यासाठी कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडून ॲसिटिलीन वायू तयार करीत आणि तो जाळीत. वाऱ्यात फडफडणारी, धूर ओकणारी ही गॅसबत्ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हळूहळू मागे पडली. तिची जागा विजेच्या दिव्याने घेतली, आणि दिव्यासाठी म्हणून मोटरसायकलवर डायनॅमो आला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने मॅग्नेटोच्या पाठीवर डायनॅमो बसवून दोघांना एकाच दंतचक्रावर फिरवले आणि त्या जोडीला 'मॅगडायनो' असे नाव दिले. शरीर एक असले तरी विजेच्या दृष्टीने ही दोन निराळी यंत्रे आहेत. त्यामुळे डायनॅमो मेला तरी मॅग्नेटो ठिणगी देत राहतो, आणि बिघाड झाल्याचे चालकाला कळते ते अंधार पडल्यावरच.

आता या डायनॅमोच्या पोटात काय आहे ते पाहू. दहावीच्या पुस्तकातील दिष्ट प्रवाहाचे जनित्र आपल्या परिचयाचे आहे: चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरणारे वेटोळे, दुभंगलेली कडी आणि दोन ब्रश. फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन १८३१ मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सी यांनी हाताने फिरवायचे जनित्र बनवले. पुस्तकातले जनित्र जवळजवळ त्याच काळातले आहे, कारण त्यात कायम चुंबक आहे. मोटरसायकलच्या डायनॅमोत मात्र कायम चुंबक नसतो. असतो तो विद्युतचुंबक, म्हणजे लोखंडी ध्रुवावर गुंडाळलेली तार, आणि त्या तारेला प्रवाह पुरवतो तो डायनॅमो स्वतःच.

हे ऐकून चौकस विद्यार्थी थांबेल. चुंबक नसेल तर प्रवाह नाही आणि प्रवाह नसेल तर चुंबक नाही. मग सुरुवात कशी होते? हा पेच सुटला तो १८६६-६७ च्या हिवाळ्यात, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी. वर्नर सीमेन्स यांचा निबंध जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे आला. फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचे बंधू विल्यम आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांचे निबंध एकाच दिवशी वाचले गेले. व्हार्ली बंधूंनी तर त्याआधीच, डिसेंबर १८६६ मध्ये, पेटंटचा अर्ज करून ठेवला होता. सर्वांचे उत्तर एकच होते. लोखंड एकदा चुंबकित झाले की प्रवाह थांबल्यावरही त्यात थोडेसे चुंबकत्व मागे राहते. या अवशिष्ट चुंबकत्वामुळे फिरत्या आर्मेचरमध्ये जेमतेम एखादा व्होल्ट दाब निर्माण होतो. तो फील्ड कॉइलमध्ये अल्प प्रवाह पाठवतो, त्याने चुंबकत्व थोडे वाढते, त्यामुळे दाब वाढतो, आणि असे करत करत लोखंड संपृक्त होईपर्यंत दाब चढत जातो. मूळ भांडवल अगदी थोडे, पण व्याजावर व्याज.

जनित्राला कायम चुंबकाच्या मर्यादेतून सोडवणारी ही युक्ती मोठी होती. मोटरसायकलला मात्र तिने दोन कटकटी दिल्या. पहिली अशी की इंजिन जोरात फिरले की दाब भरमसाट वाढतो. दुसरी अशी की इंजिन सावकाश फिरू लागले की बॅटरीचा दाब डायनॅमोपेक्षा जास्त होतो, आणि बॅटरीच उलट डायनॅमोला मोटरसारखे फिरवू पाहते. दुसऱ्या कटकटीवरचा उपाय म्हणजे 'कट-आउट'. हा एक रिले आहे. सहा व्होल्टच्या गाडीत डायनॅमोचा दाब साधारण साडेसहा व्होल्टला पोहोचला की तो बॅटरीशी जोडणी करतो आणि दाब पडला की तोडतो. त्याचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले तर गाडी उभी असतानाही बॅटरी डायनॅमोत रिकामी होत राहते. रात्री ठणठणीत असलेली बॅटरी सकाळी उतरलेली असेल, तर पहिला संशय येथे घ्यावा.

पहिल्या कटकटीवर आधी 'तिसरा ब्रश' हा उपाय होता. फील्ड कॉइलला प्रवाह मुख्य ब्रशांकडून न देता मधल्या एका तिसऱ्या ब्रशाकडून द्यायचा. आर्मेचरमधील प्रवाह वाढला की त्याच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे मूळ क्षेत्र तिरके होते, तिसऱ्या ब्रशाला मिळणारा दाब घटतो आणि डायनॅमो आपोआप आवरला जातो. कल्पना सुंदर, पण तिच्यात एक खोट होती. आवर घातला जाई तो प्रवाहाला, दाबाला नव्हे. बॅटरीची तार चालत्या गाडीत सुटली तर प्रवाहाला वाट उरत नसे, दाब उसळी घेई आणि सगळे बल्ब एका क्षणात जात. त्या काळच्या गाडीचे सर्व बल्ब एकदम गेले, तर बल्बांना दोष देण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहावे लागे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुकासने तिसरा ब्रश सोडून दिला आणि कंप पावणारा रेग्युलेटर आणला. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की त्याचे संपर्कबिंदू उघडतात, फील्ड कॉइलच्या मार्गात रोध येतो, दाब पडतो, बिंदू पुन्हा मिटतात. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालते. कट-आउट आणि रेग्युलेटर एकाच काळ्या डबीत असतात, आणि आमच्या अनुभवाने सांगायचे तर जुन्या गाडीचा मालक संकटात पहिला स्क्रूड्रायव्हर या डबीतच घालतो. तसे करू नये. आधी डायनॅमो या डबीपासून वेगळा करून त्याची एकट्याची परीक्षा घ्यावी.

लुकासच्या डायनॅमोवर दोन टर्मिनले असतात, डी आणि एफ. डी म्हणजे आर्मेचरकडून येणारे, एफ म्हणजे फील्ड कॉइलचे एक टोक; कॉइलचे दुसरे टोक डायनॅमोच्या अंगालाच जोडलेले असते. दोन्ही तारा काढून घ्यायच्या, डी आणि एफ एका छोट्या तारेने एकत्र जोडायची, आणि त्यांच्यापासून गाडीच्या चौकटीपर्यंत व्होल्टमीटर लावून इंजिन हळूहळू वाढवायचे. काटा झपाट्याने चढला पाहिजे. दहा व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण येथे रेग्युलेटर नाही. काटा अजिबात हलला नाही, तर ब्रश अडकले असतील किंवा कॉम्युटेटर काळा पडला असेल. अर्ध्या व्होल्टच्या आसपास रेंगाळला तर फील्ड कॉइल संशयित, आणि अपेक्षित दाबाच्या निम्म्यावर अडला तर आर्मेचर. कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही परीक्षा अशीच दिलेली असे. डी आणि एफ जोडणारा मेकॅनिक खरे तर सीमेन्स आणि व्हीटस्टन यांचा प्रयोग पुन्हा करतो आहे, याचा उल्लेख मात्र त्या पुस्तिकांत नाही.

सहकाऱ्याच्या गाडीचा डायनॅमो काढून आम्ही तो लेथवर बांधला. गाडी दुरुस्त होताना आर्मेचर आणि फील्ड कॉइल शहरातील एका दुकानात नव्याने गुंडाळून घेतलेले होते, ब्रशही नवे होते. केवळ डीवर मीटर लावला तेव्हा काटा एका व्होल्टच्या जवळ गेला. म्हणजे अवशिष्ट चुंबकत्व आहे, आर्मेचर आणि ब्रश ठीक आहेत. मग एफ जोडले. काटा वर जायच्या ऐवजी खाली आला, जवळजवळ शून्यावर.

फील्ड कॉइल कोठेतरी अंगाला चिकटून शॉर्ट झाली असणार, असा निष्कर्ष आम्ही काढला. रोध मोजला तर तीन ओहमच्या आसपास, म्हणजे अगदी हवा तेवढा. मग कोणीतरी म्हणाले की अवशिष्ट चुंबकत्व क्षीण झाले असेल, 'फ्लॅश' करून पाहू. बराच काळ पडून राहिलेल्या डायनॅमोचे चुंबकत्व नाहीसे होऊ शकते, आणि बॅटरीचे जिवंत टोक क्षणभर एफला टेकवले की ते परत येते. हा उपाय जुन्या मेकॅनिकांना पाठ असतो. आम्हीही तार टेकवली. आता डीवरचा काटा शून्याच्या डावीकडे, उलट दिशेला गेला. एफ जोडले की पुन्हा शून्यावर. दिवसभर आम्ही तिघे, त्यांपैकी दोघे भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, त्या डायनॅमोभोवती फेऱ्या मारत होतो.

संध्याकाळी वर्कशॉपमधले निवृत्तीला आलेले इलेक्ट्रिशियन काका डबा घेऊन घरी निघाले होते. ते थांबले आणि म्हणाले, "मोटर करून बघितला का?" डी आणि एफ एकत्र करून तेथे बॅटरीचे जिवंत टोक, आणि डायनॅमोच्या अंगाला दुसरे टोक जोडले की चांगला डायनॅमो मोटरसारखा फिरतो, हे आम्हाला ठाऊक होते, सकाळीच आम्ही ते करून पाहिले होते. "फिरला की," आम्ही म्हणालो. काकांनी विचारले, "कुठल्या बाजूला?"

आम्ही पाहिलेच नव्हते. अशा प्रकारचा डायनॅमो मोटर म्हणून ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने फिरवला असता तो वीज देतो. जनित्र म्हणून चालताना आर्मेचरमधला प्रवाह बाहेर जातो आणि त्यावरचे बल गतीला विरोध करते. मोटर म्हणून चालताना क्षेत्र तेच राहते, आर्मेचरमधला प्रवाह फक्त उलटतो आणि तेच बल गतीच्या दिशेने येते. आमचा डायनॅमो मात्र इंजिन त्याला ज्या बाजूला फिरवते त्याच्या विरुद्ध बाजूला फिरला. गुंडाळणाऱ्याने फील्ड कॉइलची टोके अदलाबदल करून लावली होती. त्यामुळे अवशिष्ट चुंबकत्वाने जो थोडासा प्रवाह निर्माण होई, तो कॉइलमधून उलटा वाही आणि होते तेवढे चुंबकत्वही पुसून टाकी. भांडवल होते, पण व्याज वजाबाकीचे. फ्लॅश करून काही होणार नव्हते, कारण अवशिष्ट चुंबकत्वाची दिशा कोणतीही असली तरी उलटी कॉइल तिला विरोधच करणार. काटा दोन्ही वेळा शून्याकडे का आला, ते आता कळले.

टोके बदलली. काटा सरसर चढला, पण चुकीच्या बाजूला. दुपारच्या आमच्या फ्लॅशने लोखंडाला उलटे चुंबकित करून ठेवले होते ना! पुन्हा एकदा बॅटरीची तार एफला टेकवली, आणि या वेळी काटा योग्य बाजूला सहा, सात, आठ असा चढत गेला. तीन बॅटऱ्यांपैकी एकही खराब नव्हती. दुरुस्तीनंतर त्यांना एकदाही चार्ज मिळाला नव्हता, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमले की ती मग खरोखरच निकामी होते.

डायनॅमोचे दिवस पुढे फार राहिले नाहीत. ब्रश झिजतात, कॉम्युटेटरच्या फटींत कार्बनची पूड साचते, आणि सारे यंत्र इंजिनाच्या धक्क्यांत बसवलेले. १९५३ मध्ये ट्रायम्फ स्पीड ट्विनवर लुकासचा अल्टरनेटर आला. त्यात फिरतो तो कायम चुंबक, थेट इंजिनाच्या दांड्यावर. वेटोळी स्थिर असतात. ना ब्रश, ना कॉम्युटेटर. इतिहासाचे चाक पुन्हा पिक्सीपाशी आले, त्यांच्या यंत्रातही चुंबकच फिरत असे. पण आता मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती, आणि बॅटरीला हवा दिष्ट. ब्रश आणि कॉम्युटेटर जे काम यांत्रिकपणे करीत, ते रेक्टिफायरवर सोपवले गेले. आरंभी तो सेलेनियमच्या पट्ट्यांचा असे. वयाबरोबर त्याचा रोध वाढत जातो आणि गाडी दिसायला ठीक असूनही चार्ज कमी पडू लागतो. पट्ट्यांना धरून ठेवणारा मधला नट अजिबात सैल करू नये, अशी सक्त सूचना पुस्तिकांत असे, आणि तरी तोच नट कित्येकांनी सैल केला. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलींत बॅटरीचे धन टोक चौकटीला असे. सवयीने ऋण टोक जोडले की रेक्टिफायर गेलाच.

कायम चुंबक कमी-जास्त करता येत नाही, म्हणून आवर कसा घालायचा हा जुना प्रश्नही नव्याने उभा राहिला. लुकासचे उत्तर काहीसे ओबडधोबड होते. सहा वेटोळ्यांच्या तीन जोड्या. दिवे बंद असताना एकीच जोडी बॅटरीकडे आणि बाकीच्या शॉर्ट केलेल्या. हेडलाइट लावला की तिन्ही जोड्या एकत्र. दिव्याचे बटन हाच रेग्युलेटर! म्हणून या गाड्यांत बटनातला एक गंजलेला संपर्क चार्जिंगचा बिघाड ठरतो, आणि मेकॅनिक अल्टरनेटर उघडून बसतो. या व्यवस्थेत मॅग्नेटोही गेला, ठिणगी बॅटरीवर आली. त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी सुरू करता यावी, म्हणून किल्लीला 'इमर्जन्सी'ची वेगळी खूण द्यावी लागली.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर १२ व्होल्ट आले आणि त्यांच्यासोबत झेनर डायोड. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये तीव्र विद्युत क्षेत्रात विद्युतरोधकांचा रोध का कोसळतो याचे स्पष्टीकरण दिले होते. तीस वर्षांनी त्यांच्या नावाचा डायोड ट्रायम्फच्या हेडलाइटखाली, वाऱ्याच्या झोतात, ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर बसला. बॅटरीला नको असलेली वीज तो उष्णतेत घालवतो. पावणेतेरा व्होल्टपर्यंत त्यातून प्रवाह जाता कामा नये. गेला तर तो बॅटरीचा वाटा खातो आहे. त्याच्या बुडाशी गंज किंवा रंग असेल तर उलट प्रकार होतो, बॅटरी उकळू लागते. गाडीला हौसेने नवा रंग दिल्यावर सुरू होणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ अशा रंगाखाली दडलेल्या चौकटीच्या जोडणीत असते.

आपल्याकडे डायनॅमो अधिक काळ टिकला. म्हैसूरला १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा आणि पुढची येझदी यांवर सहा व्होल्टचा डायनॅमो आणि कंप पावणारा रेग्युलेटर होता. हेडलाइटवरचा तो लाल दिवा अनेक शिक्षकांना आठवत असेल. त्याचा प्रवाह डायनॅमोच्या ब्रशांतून जातो. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर बल्ब गेला आहे किंवा ब्रश कॉम्युटेटरला टेकत नाहीत. इंजिन वाढवल्यावर विझला नाही, तर डायनॅमोचा दाब बॅटरीएवढा होत नाही. एका पैशाचे उपकरण न वापरता अर्धे निदान येथेच होते.

वर्गात दाखवण्यासाठी भंगार बाजारातून असा दोन टर्मिनलांचा जुना डायनॅमो मिळाला तर अवश्य घ्यावा. तो शिकंज्यात घट्ट आवळावा, दांड्याजवळ कोणाचे हात वा ओढण्या येऊ देऊ नयेत, आणि बॅटरी काही सेकंदच जोडावी. डी व एफ जोडून तो मोटरसारखा फिरवला की दिशा फळ्यावर बाणाने काढावी. फील्ड कॉइलची टोके बदलली तर दिशा उलटते, हे बहुतेक विद्यार्थी बरोबर सांगतील. मग टोके पूर्ववत करून, त्यांच्या वहीत आधी अंदाज लिहून घेऊन, बॅटरीचीच टोके उलटी जोडावीत. आमच्या वर्कशॉपमध्ये आलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी 'उलट फिरेल' असे लिहिले होते. तो मूळच्याच दिशेने फिरला, कारण आर्मेचर आणि फील्ड कॉइल या दोहोंतील प्रवाह एकदमच उलटले होते.